यष्ट्यांमागचा चाकरमानी

क्रिकेटच्या मैदानावर अकरा क्षेत्ररक्षक उभे असले, तरी प्रत्येक चेंडूला हजेरी लावावी लागते ती दोघांनाच. एक गोलंदाज आणि दुसरा यष्टिरक्षक. त्यातही गोलंदाजाला एका षटकानंतर उसंत मिळते. यष्टिरक्षकाने मात्र ग्लोव्हज चढवले की डाव संपेपर्यंत त्याची सुटका नाही. दिवसाला शंभर षटके धरली, तरी त्याला सहाशे वेळा गुडघ्यात वाकून पुन्हा उभे राहावे लागते. त्या सहाशेतले पाचशे नव्व्याण्णव चेंडू त्याने बिनबोभाट अडवले, तरी त्याची नोंद कोठेही होत नाही. सुटलेला एक झेल मात्र संध्याकाळी घरी परतणाऱ्या प्रत्येक प्रेक्षकाच्या तोंडी असतो. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये फलंदाजाच्या मागे बैठक मारून बसणाऱ्या कॅचरचे नशीबही याहून वेगळे नाही. दोन्ही खेळांनी मिळून जगाला वेडीवाकडी झालेली बोटे आणि झिजलेले गुडघे घेऊन निवृत्त झालेली अशी असंख्य माणसे दिली आहेत.

भारतीय क्रिकेटमध्ये या जमातीचा खरा प्रतिनिधी शोधायचा झाला, तर दत्ताराम धर्माजी हिंदळेकर यांचे नाव घ्यावे लागेल. १९३६ आणि १९४६ अशा दोन इंग्लंड दौऱ्यांवर ते भारताचे पहिल्या पसंतीचे यष्टिरक्षक होते. दहा वर्षांच्या या काळात त्यांच्या वाट्याला अवघ्या चार कसोटी आल्या. सात डावांत मिळून ७१ धावा, सर्वोच्च २६, आणि यष्ट्यांमागे तीन झेल. आकड्यांच्या हिशेबात ही कारकीर्द एका ओळीत संपते. परंतु त्या ओळीच्या मागे जो माणूस उभा आहे, त्याचे आयुष्य मुंबईच्या आणि कोकणच्याही सामाजिक इतिहासाचा एक तुकडा आहे.

कोकणात आडनाव हा माणसाचा पत्ता असतो. गावाच्या नावाला कर लावला की आडनाव तयार होते. आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड तालुक्यात हिंदळे नावाचे गाव आहे आणि हिंदळेकर हे आडनाव त्याच मातीची खूण सांगते. त्या काळी सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात नव्हता. तो १९८१ साली झाला. त्यापूर्वी देवगड, मालवण, वेंगुर्ले, कुडाळ हे सारे रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत. मालवण तालुक्यातील कट्टा असो की देवगडकडचे हिंदळे, या गावांची स्थिती सारखीच होती. डोंगरउतारावरची भातशेती, थोडीफार माडांची बाग, किनाऱ्यालगत मासेमारी, आणि या सगळ्यातून उरणारी पोटाची खळगी भरण्यासाठी मुंबई. घराघरातला एखादा कर्ता पुरुष बंदरावरून आगबोट धरायचा, मुंबईच्या धक्क्यावर उतरायचा आणि गिरणीत, गोदीत, छापखान्यात किंवा एखाद्या कचेरीत चिकटायचा. महिन्याकाठी गावी मनिऑर्डर यायची. गणपतीला आणि शिमग्याला तो स्वतः यायचा. या माणसाला कोकणाने चाकरमानी असे नाव दिले. त्या शब्दात थोडा अभिमान आहे, थोडी माया आहे आणि बरीचशी अगतिकताही आहे.

दत्ताराम हिंदळेकरांचा जन्म १ जानेवारी १९०९ रोजी मुंबईतच झाला. ते या चाकरमानी मुंबईचेच लेकरू. पुढे त्यांनी नोकरी धरली तीही मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये. १८७३ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या गोद्यांत आणि कचेऱ्यांत कोकणातून आलेल्या हजारो माणसांची पोटे भरत होती. हिंदळेकरांचा पगार महिना ८० रुपयांच्या घरात होता. भारताचा कसोटी यष्टिरक्षक झाल्यानेही या परिस्थितीत फारसा फरक पडला नाही.

त्या काळच्या मुंबई क्रिकेटची रचना लक्षात घेतल्याशिवाय हिंदळेकरांची वाटचाल समजणार नाही. शहराचा सर्वांत मोठा क्रिकेट सोहळा म्हणजे चौरंगी सामने. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुस्लिम असे चार संघ जमातीच्या नावाने मैदानात उतरत. १९३७ साली रेस्ट हा पाचवा संघ त्यात आला आणि सामने पंचरंगी झाले. पूर्वी ते बॉम्बे जिमखान्यावर होत, पुढे ब्रेबर्न स्टेडियमवर होऊ लागले. या सामन्यांना लोटणारी गर्दी कसोटी सामन्यांनाही हेवा वाटावा अशी होती. हिंदळेकर हिंदू संघाचे यष्टिरक्षक म्हणून या गर्दीला परिचित झाले. १९३४-३५ च्या हंगामात रणजी करंडक स्पर्धा सुरू झाली. पहिला करंडक मुंबईने जिंकला आणि हिंदळेकरांसारख्या खेळाडूंना जमातीऐवजी शहराच्या नावाने खेळण्याचे व्यासपीठ मिळाले. याशिवाय कचेऱ्यांचे आणि क्लबांचे सामने होतेच. मैदानावर तंबू ठोकायचे, खेळायचे, संध्याकाळी किटबॅग खांद्यावर टाकून ट्राम किंवा लोकल पकडायची आणि सोमवारी पुन्हा कचेरीत हजर व्हायचे, हे मुंबईच्या क्रिकेटपटूचे जीवन होते.

खेळाडू म्हणून हिंदळेकरांची ओळख नीटनेटका, गाजावाजा न करणारा यष्टिरक्षक अशी होती. फलंदाजी मात्र चारचौघांसारखी नव्हती. विजय मर्चंट यांनी त्यांच्या उभे राहण्याच्या पद्धतीचे वर्णन करून ठेवले आहे. डाव्या पायाची टाच जमिनीला टेकलेली आणि चवडा वर उचललेला, असे ते खेळपट्टीवर उभे राहत. ही ढब डब्ल्यू. जी. ग्रेस यांच्या जुन्या छायाचित्रांची आठवण करून देणारी होती. प्रशिक्षकांची पुस्तके ज्यांच्यापर्यंत पोचली नव्हती, त्या पिढीतल्या खेळाडूंनी आपापल्या सोयीचे शास्त्र स्वतःच तयार केले होते. हिंदळेकरांचे शास्त्र त्यांना लॉर्ड्सपर्यंत घेऊन गेले.

भारताच्या यष्टिरक्षकांची परंपरा तेव्हा अगदीच कोवळी होती. १९३२ साली लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळला तेव्हा यष्ट्यांमागे जनार्दन नवले होते. पुण्याजवळच्या फुलगावी जन्मलेल्या नवलेंनीच त्या सामन्यात सलामीला जाऊन भारताच्या कसोटी इतिहासातला पहिला चेंडू खेळला. १९३३-३४ साली इंग्लंडचा संघ भारतात आला. मुंबईच्या कसोटीत नवले होते, तर कलकत्ता आणि मद्रासला दिलावर हुसेन यांनी ग्लोव्हज चढवले. कलकत्त्याला दिलावर यांनी दोन्ही डावांत अर्धशतके काढली. त्यामुळे १९३६ च्या इंग्लंड दौऱ्याच्या वेळी या जागेसाठी स्पर्धा सोपी नव्हती. तरीही पहिल्या कसोटीत निवड झाली ती हिंदळेकरांची.

हा दौरा भारतीय क्रिकेटच्या इतिहासातला सर्वांत दुर्दैवी दौरा म्हणून ओळखला जातो. विजयनगरमचे महाराजकुमार कर्णधार होते. त्यांचे नेतृत्व क्रिकेटच्या गुणांवर आलेले नव्हते. संघात गटबाजी होती आणि पहिल्या कसोटीपूर्वीच लाला अमरनाथ यांना मायदेशी परत पाठवण्यात आले. अशा वातावरणात २७ जून १९३६ रोजी लॉर्ड्सवर कसोटी सुरू झाली आणि भारताच्या डावाची सुरुवात करायला विजय मर्चंट यांच्यासोबत हिंदळेकर उतरले.

दोघेही मुंबईचे. एक गिरणीमालकाच्या घरातला, दुसरा पोर्ट ट्रस्टमधला नोकरदार. या जोडीने पहिल्या गड्यासाठी ६२ धावा जोडल्या. मर्चंट ३५ आणि हिंदळेकर २६ धावांवर बाद झाले. सलामीची ही भागीदारी संपली आणि भारताचा डाव पत्त्यांच्या बंगल्यासारखा १४७ धावांत कोसळला. गब्बी ॲलन यांनी पाच गडी टिपले. तरीही त्या दिवशी चमत्कार घडला. अमर सिंग यांनी ३५ धावांत सहा बळी घेत इंग्लंडला १३४ धावांत गुंडाळले. भारताला चक्क तेरा धावांची आघाडी मिळाली. मोहम्मद निसार यांचा तुफान वेग आणि अमर सिंग यांचा खेळपट्टीवरून उसळणारा चेंडू, या दोन्हींमागे उभे राहणे हे कसोटी पाहणारे काम होते. ते हिंदळेकरांनी केले. दुसऱ्या डावात मर्चंट शून्यावर बाद झाले आणि भारताचा संपूर्ण संघ ९३ धावांत आटोपला. त्या डावात सर्वाधिक धावा होत्या हिंदळेकरांच्या. त्या होत्या १७. इंग्लंडने नऊ गडी राखून सामना जिंकला.

पहिल्याच कसोटीत पहिल्या डावात सलामीची मोठी भागीदारी, दुसऱ्या डावात संघातर्फे सर्वाधिक धावा, आणि दोन जलद गोलंदाजांमागे यष्टिरक्षण. एखाद्या नवोदिताची जागा पक्की व्हायला एवढे पुरेसे असते. परंतु यष्टिरक्षकाचे भवितव्य त्याच्या बोटांवर अवलंबून असते आणि बोटांनी दगा दिला. हिंदळेकरांच्या बोटाच्या हाडाला इजा झाली होती आणि त्यातच डोळ्यांना अंधुक दिसू लागले. चेंडू पाहणे आणि चेंडू पकडणे यावरच ज्याची भाकरी, त्याचे एकाच वेळी डोळे आणि हात दोन्ही निकामी व्हावेत, याला काय म्हणावे?

मँचेस्टरच्या दुसऱ्या कसोटीत यष्ट्यांमागे खुर्शेद मेहेरहोमजी उभे राहिले. त्यांची ती एकमेव कसोटी ठरली. सलामीला मर्चंट यांच्यासोबत गेले मुश्ताक अली. पुढे जे घडले, ते भारतीय क्रिकेटप्रेमींना पाठ आहे. दुसऱ्या डावात या दोघांनी पहिल्या गड्यासाठी २०३ धावा जोडल्या. मुश्ताक अली यांनी ११२ आणि मर्चंट यांनी ११४ धावा केल्या. परदेशातील कसोटीत भारतीय फलंदाजाने काढलेले पहिले शतक मुश्ताक अली यांच्या नावावर जमा झाले. लॉर्ड्सवर महिन्यापूर्वी त्या जागी हिंदळेकर उभे होते, ही गोष्ट मात्र इतिहासाच्या समासातच राहिली. ओव्हलच्या तिसऱ्या कसोटीत दिलावर हुसेन परतले आणि त्यांनी ३५ व ५४ धावा केल्या. तीन कसोटींत तीन यष्टिरक्षक खेळले. त्यांतल्या कोणाचीही जागा पक्की झाली नाही, कारण त्यानंतर कसोटी क्रिकेटच थांबले.

१९३९ साली दुसरे महायुद्ध पेटले आणि भारताच्या वाट्याला १९४६ पर्यंत एकही अधिकृत कसोटी आली नाही. पहिली कसोटी खेळले तेव्हा हिंदळेकर २७ वर्षांचे होते. दुसरी खेळले तेव्हा त्यांनी सदतिशी ओलांडली होती. खेळाडूच्या आयुष्यातला जो काळ बहराचा मानला जातो, तो संपूर्ण काळ या दोन टोकांच्या मध्ये विरून गेला.

तो काळ रिकामा मात्र नव्हता. युद्धकाळात जगातले बहुतेक क्रिकेट बंद पडले असताना भारतात रणजी आणि पंचरंगी सामने चालूच राहिले. हे दिवस धावांच्या पावसाचे होते. खेळपट्ट्या फलंदाजांना साथ देणाऱ्या, सामने चार-चार, पाच-पाच दिवसांचे, आणि त्रिशतकेही निघू लागलेली. १९४३ साली पंचरंगीच्या अंतिम सामन्यात मर्चंट यांनी नाबाद २५० धावा काढल्या, तर त्यांच्या विरुद्ध विजय हजारे यांनी ३०९. या विक्रमांची वर्णने अनेकदा छापली गेली आहेत. त्या डोंगराएवढ्या धावसंख्यांच्या मागे दिवसदिवसभर उठाबशा काढणाऱ्या यष्टिरक्षकांच्या पिढीचा हिशेब मात्र कोणी ठेवला नाही. पंचरंगी सामन्यांवरही वाद होते. धर्माच्या नावाने संघ पाडणे गांधीजींना मान्य नव्हते. १९४० साली त्यांनी या सामन्यांविरुद्ध मत दिले आणि त्या वर्षी हिंदू संघाने भाग घेतला नाही. १९४६ नंतर ते सामने कायमचे बंद झाले. देशाच्या दृष्टीने ते योग्यच झाले. परंतु मुंबईतल्या नोकरदार क्रिकेटपटूला वर्षातून एकदा हजारोंच्या साक्षीने खेळण्याची जी संधी मिळे, तीही त्याबरोबर गेली.

दुसरीकडे नोकरी चालूच होती. ज्या बंदरावर ती होती, त्या बंदरानेही युद्ध जवळून पाहिले. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन या बोटीवरील दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि मुंबईचा तो भाग हादरून गेला. महागाई, रेशनिंग आणि काळोखाच्या त्या वर्षांत ८० रुपयांच्या आसपासच्या पगारात संसार चालवणे ही काय गोष्ट होती, हे त्या पिढीतल्या चाळकऱ्यांना वेगळे सांगायला नको.

१९४६ साली थोरल्या पतौडी नवाबांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ पुन्हा इंग्लंडला निघाला आणि यष्टिरक्षक म्हणून पुन्हा हिंदळेकरांचेच नाव पुढे आले. दुसरे यष्टिरक्षक होते रावसाहेब निंबाळकर. दहा वर्षांपूर्वीच्या संघातील मर्चंट, मुश्ताक अली, अमरनाथ, सी. एस. नायडू असे मोजके खेळाडू या संघातही होते. अमर सिंग मात्र नव्हते. लॉर्ड्सवर इंग्लंडला हादरवणारा तो गोलंदाज १९४० साली वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी हे जग सोडून गेला होता.

इंग्लंड अद्याप युद्धाच्या जखमा पुसत होते. अन्नधान्याला शिधापत्रिका होत्या, शहरे बॉम्बने पडझड झालेली आणि उन्हाळा ओलाचिंब. या दौऱ्यात मर्चंट यांनी २३८५ धावा केल्या. विनू मंकड यांनी हजार धावा आणि शंभर बळी असा दुहेरी पराक्रम केला. सरेविरुद्ध चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांनी शेवटच्या गड्यासाठी २४९ धावांची भागीदारी रचली. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या दोघांनीही शतके ठोकण्याचा हा प्रकार आजही अजब वाटतो. याच दौऱ्यात शेवटच्या जोडीची आणखी एक भागीदारी झाली. तिच्यात धावा नगण्य होत्या. तरीही त्या दौऱ्यातील कसोटीच्या इतिहासात तिचे मोल अधिक आहे.

लॉर्ड्सची पहिली कसोटी भारताने दहा गडी राखून गमावली होती. पदार्पण करणाऱ्या ॲलेक बेडसर यांनी सामन्यात अकरा बळी घेतले आणि जो हार्डस्टाफ यांनी नाबाद २०५ धावा केल्या. मँचेस्टरला २० जुलैपासून दुसरी कसोटी सुरू झाली. इंग्लंडच्या पहिल्या डावातील दहाही गडी अमरनाथ आणि मंकड यांनी पाच-पाच असे वाटून घेतले. एकीकडे हवेत आत वळणारा अमरनाथ यांचा मध्यमगती चेंडू, दुसरीकडे मंकड यांची डावखुरी फिरकी. या दोघांच्या गोलंदाजीवर दिवसभर यष्ट्यांमागे राहणाऱ्या सदतीस वर्षांच्या माणसाच्या हातांची कल्पना करून पाहावी. इंग्लंडच्या २९४ धावांना भारताने १७० धावांनी उत्तर दिले. इंग्लंडने दुसरा डाव ५ बाद १५३ धावांवर सोडला आणि भारतापुढे २७८ धावांचे आव्हान ठेवले.

शेवटच्या दिवशी पुन्हा बेडसर पेटले. ५२ धावांत सात बळी. एकामागून एक फलंदाज तंबूत परतत राहिले आणि नववा गडी बाद झाला तेव्हा सामना संपायला तेरा मिनिटे उरली होती. मैदानावर होते रंगा सोहोनी. त्यांच्या साथीला आले हिंदळेकर. लॉर्ड्सवर कधी काळी मर्चंट यांच्यासोबत सलामीला गेलेला फलंदाज आता शेवटच्या क्रमांकावर उभा होता.

तेरा मिनिटे म्हणजे किती? घरी चहा होईपर्यंतचा वेळ. परंतु फलंदाजाभोवती क्षेत्ररक्षकांचे कडे पडलेले असावे, समोर पहिल्याच मालिकेत धुमाकूळ घालणारा बेडसर असावा आणि एका चुकीवर सामना, पर्यायाने मालिका, हातची जाणार असावी, तेव्हा तेरा मिनिटे फार मोठी होतात. भारत तोपर्यंत आठ कसोटी खेळला होता. त्यांतल्या सहा गमावल्या होत्या आणि दोन अनिर्णित राखल्या होत्या. विजय अद्याप स्वप्नातच होता. तो १९५२ साली मद्रासला मिळायचा होता. अशा संघासाठी पराभव टाळणे हीच मोठी कमाई होती. सोहोनी आणि हिंदळेकर यांनी ती करून दाखवली. खेळ थांबला तेव्हा भारत ९ बाद १५२, सोहोनी नाबाद ११ आणि हिंदळेकर नाबाद ४. कसोटी अनिर्णित राहिली.

त्या चार धावा हे हिंदळेकरांच्या कारकिर्दीचे सार म्हणावे लागेल. नाबाद राहणे हेच काम होते आणि ते त्यांनी पार पाडले. शतकवीराच्या पराक्रमावर पुस्तके लिहिली जातात. पराभव थोपवून धरणाऱ्याला धावफलकाच्या तळाशी एक ओळ मिळते.

ऑगस्टमध्ये ओव्हलची तिसरी कसोटी पावसाने धुऊन निघाली. मर्चंट यांनी १२८ धावा केल्या, हिंदळेकरांनी ३. ती त्यांची शेवटची कसोटी. पुढच्याच वर्षी स्वतंत्र भारताचा संघ ऑस्ट्रेलियाला गेला, तेव्हा जमशेद इराणी आणि प्रबीर सेन हे यष्टिरक्षक निवडले गेले. मुंबईच्या संघातही माधव मंत्री हे तरुण यष्टिरक्षक उभे राहिले होते. काळाने आपले काम केले होते. हिंदळेकरांनी मैदान सोडले आणि पोर्ट ट्रस्टचा नोकरदार पुन्हा पूर्णवेळ नोकरदार झाला.

यापुढची हकीकत लिहिताना हात जड होतो. मैदान सोडल्यावर दोन-तीन वर्षांतच हिंदळेकर आजारी पडले. तुटपुंज्या पगारात औषधोपचाराला पैसा कोठून येणार? योग्य उपचार वेळेवर मिळाले नाहीत. अखेर त्यांना आर्थर रोडच्या रुग्णालयात दाखल करण्यात आले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ३० मार्च १९४९ रोजी, त्यांचे निधन झाले. चाळिशी ओलांडून त्यांना जेमतेम तीन महिने झाले होते.

तो मार्च महिना मुंबई क्रिकेटच्या इतिहासातला एक सोनेरी महिना मानला जातो. पुण्यात मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यात रणजी करंडकाचा उपांत्य सामना झाला. सात दिवस चाललेल्या त्या सामन्यात २३७६ धावा निघाल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील एका सामन्यातील सर्वाधिक धावांचा तो विक्रम आहे. मुंबईचे यष्टिरक्षक मंत्री यांनी त्यात २०० धावांची खेळी केली. मुंबईने तो सामना जिंकला आणि पुढे बडोद्याला हरवून करंडकही जिंकला. वृत्तपत्रांचे रकाने त्या धावांनी भरून गेले होते. त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबईचा जुना यष्टिरक्षक उपचारांअभावी गेला.

यात कोणा एका व्यक्तीला दोषी धरता येत नाही, आणि हेच या शोकांतिकेचे खरे स्वरूप आहे. त्या काळच्या भारतीय क्रिकेटमध्ये खेळाडूला तीनच आधार होते. पहिला आधार म्हणजे घरची श्रीमंती, जी मर्चंट यांच्याकडे होती. दुसरा संस्थानिकांचा. कर्नल सी. के. नायडू होळकरांच्या आश्रयाने इंदुरात राहिले, हजारे यांना बडोद्याने जवळ केले. तिसरा आधार म्हणजे स्वतःची नोकरी. हिंदळेकरांना तिसराच मिळाला. क्रिकेट मंडळे सामने भरवत, तिकिटे विकत, दौरे आखत. खेळून झाल्यावर खेळाडूचे काय होते, हा विषय त्यांच्या कार्यपत्रिकेवर नव्हता. भारताचा पहिला यष्टिरक्षक असलेल्या जनार्दन नवले यांचे उत्तरायुष्यही हलाखीत गेले. १९७९ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. भारताच्या पहिल्या दोन मराठी कसोटी यष्टिरक्षकांचा शेवट असा व्हावा, हा केवळ योगायोग नाही. ज्या व्यवस्थेने त्यांच्या हातांवर भरवसा ठेवला, तिने ते हात रिकामे आहेत की नाहीत हे कधी पाहिले नाही.

पुढे परिस्थिती बदलली. साठ-सत्तरच्या दशकांत बँका आणि मोठ्या कंपन्या खेळाडूंना नोकऱ्या देऊ लागल्या, आणि मुंबईचे क्रिकेट बऱ्याच अंशी त्या नोकऱ्यांच्या बळावर उभे राहिले. त्यानंतर दूरचित्रवाणीचा पैसा आला. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने माजी कसोटीपटूंसाठी निवृत्तिवेतनाची योजना सुरू केली ती २००४ साली. हिंदळेकरांच्या मृत्यूला तोवर पंचावन्न वर्षे झाली होती. आज आयपीएलच्या लिलावात एखाद्या यष्टिरक्षकाला मिळणारी कोट्यवधींची बोली ऐकताना या पंचावन्न वर्षांचे अंतर ध्यानात ठेवायला हवे.

हिंदळेकरांचा वारसा मात्र रिता गेला नाही. विजय मांजरेकर हे त्यांच्या जवळच्या नात्यातले. हिंदळेकरांच्या मृत्यूनंतर अवघ्या अडीच-पावणेतीन वर्षांनी, १९५१ च्या अखेरीस, कलकत्त्याला मांजरेकरांनी कसोटीत पदार्पण केले. १९५२ साली वीस वर्षांच्या या तरुणाने लीड्सवर १३३ धावा काढून इंग्लंडला चकित केले. तंत्रशुद्ध फलंदाज म्हणून त्यांची ख्याती झाली. त्यांनी प्रसंगी यष्टिरक्षणही केले, आणि कसोटीत दोन यष्टिचीत त्यांच्या नावावर आहेत. चार कसोटी खेळूनही जे हिंदळेकरांच्या नावावर एकदाही लागले नाही, ते त्यांच्या आप्ताच्या नावावर लागले, हीदेखील क्रिकेटची एक गंमत. विजय यांचे पुत्र संजय मांजरेकर पुढे ३७ कसोटी खेळले. यष्टिरक्षकांची मुंबई परंपराही चालूच राहिली. सुनील गावसकर यांचे मामा असलेले मंत्री चार कसोटी खेळले. नरेन ताम्हाणे यांनी २१ कसोटींत ३५ झेल आणि १६ यष्टिचीत अशी कामगिरी केली.

मांजरेकर, वेंगसरकर, गावसकर, तेंडुलकर ही आडनावे कोकण आणि गोव्याच्या पट्ट्यातली. त्यांनी जगभरची मैदाने गाजवली. आज कट्टा, मालवण, देवगड या परिसरात भातकापणी झाल्यावर रिकाम्या मळ्यांवर टेनिस चेंडूचे सामने रंगतात, तेव्हा ही नावे मुलांच्या तोंडी असतात. कोकण रेल्वे आली, रस्ते आले, मुंबईची वाट एका रात्रीची झाली. त्या वाटेने क्रिकेटसाठी सर्वांत आधी इंग्लंडपर्यंत पोचलेल्या कोकणी आडनावांपैकी एक हिंदळेकर होते, हे मात्र त्या मुलांना फारसे ठाऊक नसते.

चाकरमान्याची थोरवी त्याने किती कमावले यावर कोकणाने कधी मोजली नाही. तो वेळेवर पैसे पाठवतो का, घर धरून ठेवतो का, अडीअडचणीला उभा राहतो का, हे कोकणाने पाहिले. या मापाने मोजले तर दत्ताराम हिंदळेकर यांची कारकीर्द छोटी ठरत नाही. वेगवान गोलंदाजांमागे ते उभे राहिले, फिरकीमागे उभे राहिले, दहा वर्षे कसोटीविना वाट पाहिली आणि बोलावणे आले तेव्हा पुन्हा ग्लोव्हज चढवले. मँचेस्टरला संघ अडचणीत होता तेव्हा तेरा मिनिटे त्यांनी घर धरून ठेवले. त्यांच्या अडचणीच्या वेळी मात्र कोणी यष्ट्यांमागे नव्हते.